द व्हील ऑफ टाइम मालिकेतील व्यक्तिरेखा व प्रेमसंबंधांविषयी वाचकांची मते

द व्हील ऑफ टाइम ही अमेरिकन लेखक रॉबर्ट जॉर्डन (मूळ नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी ज्युनियर, १९४८–२००७) यांची इंग्रजी महाकाव्यात्मक अद्भुतरम्य कादंबरीमालिका आहे. १४ मुख्य खंड आणि न्यू स्प्रिंग (२००४) हा पूर्वकथेचा खंड असा तिचा विस्तार असून पहिला खंड द आय ऑफ द वर्ल्ड १९९० मध्ये व शेवटचा खंड अ मेमरी ऑफ लाइट २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जॉर्डन यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी व संपादक हॅरिएट मॅक्‌डुगल यांनी ब्रँडन सँडरसन यांची निवड केली आणि सँडरसन यांनी जॉर्डन यांच्या टिपणांवरून अखेरचे तीन खंड पूर्ण केले. मालिकेच्या जगरचनेबद्दल वाचकांत बहुतांशी एकमत आढळते. व्यक्तिरेखा आणि विशेषतः प्रेमकथा यांबद्दल मात्र पहिल्या खंडापासून टोकाचे मतभेद आहेत.

(या लेखात कथानकाचा शेवट उघड केलेला आहे.)

== पार्श्वभूमी ==
मालिकेतील जगात जादूच्या शक्तीची पुरुषांची बाजू दूषित झालेली आहे. ती वापरणारा पुरुष अखेरीस वेडा होतो. त्यामुळे सुमारे तीन हजार वर्षे ही शक्ती प्रामुख्याने स्त्रियांच्या, म्हणजे आएस सेडाय या संघाच्या, हाती राहिली आहे आणि राजकारण, न्याय व ग्रामजीवन यांतही स्त्रियांचा शब्द वजनदार आहे. स्त्री-पुरुषांतील अविश्वास हा या रचनेचाच भाग आहे. प्रेमसंबंधांवरील जवळजवळ प्रत्येक वाद शेवटी याच प्रश्नापाशी येतो: पात्रांचे परस्परांशी तुसडे वागणे हे त्या जगाचे चित्रण आहे, की लेखकाच्या मनातील स्त्री-पुरुषांविषयीचे ठोकळेबाज ग्रह आहेत? दोन्ही बाजूंना पुष्टी देणारे प्रसंग ग्रंथांत सापडतात.

== रँड आणि तीन स्त्रिया ==
नायक रँड अल'थोर हा एलेन, अव्हिएंडा आणि मिन या तिघींवर एकाच वेळी प्रेम करतो व त्या तिघीही हे नाते मान्य करतात. मालिकेतील सर्वाधिक टीका झालेली प्रेमकथा हीच होय. पुरुष लेखकाचे स्वप्नरंजन असा तिच्यावरचा जुना आक्षेप आहे. बाजू घेणारे वाचक एईल लोकांच्या चालीरीतींकडे बोट दाखवतात. त्या समाजात दोन स्त्रियांनी एकमेकींना बहीण मानून एकच पती स्वीकारणे रूढ आहे आणि तेथे विवाहाचा प्रस्ताव स्त्रीच मांडते. विंटर्स हार्ट (२०००) या खंडात एलेन व अव्हिएंडा विधिपूर्वक बहिणी होतात, तो प्रसंग रँडशी असलेल्या कोणाच्याही प्रसंगापेक्षा अधिक हृद्य उतरला आहे, असे अनेकांना वाटते.

नैतिकतेपेक्षा अधिक सयुक्तिक आक्षेप मांडणीचा आहे. द शॅडो रायझिंग (१९९२) या चौथ्या खंडात रँड व एलेन एकमेकांचा निरोप घेतात आणि त्यानंतर त्यांची भेट होते ती थेट नवव्या खंडात. मधले चार खंड हे प्रेम केवळ आठवणींवर चालते. मिन सहाव्या खंडापासून रँडजवळ राहते, त्याचे ढासळणे प्रत्यक्ष पाहते, म्हणून तिघींपैकी तिचेच नाते वाचकांना बहुधा खरे वाटते. मिनला भविष्याची दृश्ये दिसतात आणि आपण या माणसाच्या प्रेमात पडणार हे तिला आधीच ठाऊक असते. भाकिताने ठरलेल्या प्रेमात निवडीला जागा उरते का, हा प्रश्न मालिका उपस्थित करते, पण त्याच्यावर फारसे रेंगाळत नाही.

== पेरिन आणि फेल ==
द ड्रॅगन रीबॉर्न (१९९१) मध्ये सुरू होणारी ही जोडी आरंभी लोकप्रिय होती. शॅडो रायझिंगमधील टू रिव्हर्सच्या रक्षणाचे प्रकरण व त्यातील विवाह आजही मालिकेतील उत्तम भागांत गणले जातात. मत पालटले ते पुढे. द पाथ ऑफ डॅगर्स (१९९८) च्या अखेरीस फेलचे अपहरण होते आणि तिची सुटका नाइफ ऑफ ड्रीम्स (२००५) मध्ये होते. कथेत हा काळ थोडा असला तरी खंड निघताक्षणी वाचणाऱ्यांनी सात वर्षे वाट पाहिली. पेरिनच्या पत्नीवियोगाची एकसुरी वर्णने त्यांना असह्य झाली, तर आता सर्व खंड सलग वाचणाऱ्यांना ती तितकी खटकत नाहीत. फेलच्या रागामागे तिच्या सल्डेया देशाची समजूत आहे. तेथे पतीने आवाज न चढवणे म्हणजे पत्नीला दुबळी समजणे. हा खुलासा उशिरा येतो आणि तोवर अनेकांनी तिच्याविषयी मत बनवलेले असते.

== नायनीव आणि लान ==
वाचकांची जवळपास निर्विवाद आवडती जोडी. नायनीव हिची वेणी ओढण्याची सवय मालिकेवरील विनोदांचा हक्काचा विषय आहे. नाक मुरडणाऱ्या आणि घागरा सारखा करणाऱ्या इतर स्त्रीपात्रांवरही अशीच थट्टा होते, आणि पुनरुक्तीचा हा दोष चाहतेही नाकारत नाहीत. तरीही चौदा खंडांत सर्वाधिक बदललेले पात्र म्हणून तिचे नाव घेतले जाते. नाइफ ऑफ ड्रीम्समध्ये लान एकट्याने मरणाच्या लढाईला निघतो. नायनीव त्याला अडवत नाही. त्याला युद्धभूमीपासून दूर, सीमेच्या दुसऱ्या टोकाला सोडते आणि पुढे स्वतः गावोगावी जाऊन त्याच्या बुडालेल्या राज्यातील विखुरलेल्या लोकांना त्याच्या वाटेवर उभे करते. प्रेमाचा एकही संवाद नसलेले हे प्रकरण मालिकेतील सर्वोत्तम प्रेमप्रसंग मानणारे वाचक बरेच आहेत.

== मॅट, तायलिन आणि तुऑन ==
अ क्राउन ऑफ स्वोर्ड्‌स (१९९६) मध्ये राणी तायलिन ही मॅट कॉथन याला सुऱ्याच्या धाकाने शय्येवर नेते. प्रसंग विनोदी सुरात लिहिला आहे. मॅटची व्यथा कळल्यावर एलेनलाही हसू येते. स्त्री-पुरुषांच्या भूमिका उलटवून वाचकाला अस्वस्थ करणे हा त्याचा हेतू असल्याचे समर्थन केले जाते. परंतु हा बलात्कार आहे आणि कथेत त्याला तसे कोणीही म्हणत नाही, हा आक्षेप काळानुसार बळावत गेला आहे. मॅट स्वतः पुढे तायलिनबद्दल ममत्वाने बोलतो, त्यामुळे गुंता आणखी वाढतो. हेतू काहीही मानला तरी प्रसंगाचा सूर आज फसलेला वाटतो.

तुऑनशी मॅटचे लग्न होणार हे त्याला आधीच सांगितलेले असते. फिरत्या खेळवाल्यांच्या ताफ्यातील त्यांचा प्रणय चुरचुरीत संवादांमुळे वाचकप्रिय आहे. मात्र तुऑन ज्या साम्राज्याची वारस आहे ते जादू येणाऱ्या स्त्रियांच्या गळ्यात पट्टा घालून त्यांना गुलाम करते, आणि मालिका संपते तेव्हाही ही प्रथा मोडलेली नसते. अशा नायिकेवर लोभ जडावा का, यावर वाचकांचे दोन तट आहेत. सँडरसन यांच्या द गॅदरिंग स्टॉर्म (२००९) मधील मॅटचा विनोद मूळ पात्राशी विसंगत वाटतो, ही तक्रारही सर्वत्र आढळते. पुढील खंडात तो बराच सावरला.

== एग्वेन आणि गॉविन ==
एग्वेनचे श्वेत मनोऱ्यातील बंदिवासाचे प्रकरण अत्यंत प्रशंसा पावले. गॉविन मात्र मालिकेतील सर्वाधिक नावडत्या नायकांपैकी एक आहे. रँडने आपल्या आईला मारले ही अफवा तो दीर्घकाळ धरून ठेवतो, आणि अखेरच्या युद्धात एग्वेनजवळ राहण्याऐवजी एकटाच शत्रुसेनापतीवर चालून जाऊन मरतो. त्याच्या मृत्यूनंतर एग्वेनही आत्माहुती देते, त्यामुळे तिच्या चाहत्यांचा त्याच्यावरील रोष दुणावला.

== मोरेन ==
टॉवर्स ऑफ मिडनाइट (२०१०) मध्ये मोरेनची सुटका होताच तिचा व थॉमचा विवाह ठरतो. पूर्वसूचना पेरलेल्या होत्या, तरी बहुतेकांना हे अकस्मात वाटले. न्यू स्प्रिंगमध्ये तरुण मोरेन व स्युआन यांच्या जवळिकीचा उल्लेख आहे. प्राइम व्हिडिओवरील दूरचित्रवाणी मालिकेने (२०२१–२०२५) हेच नाते केंद्रस्थानी आणले, अव्हिएंडा व एलेन यांच्यातही प्रेम दाखवले आणि पेरिनला कादंबऱ्यांत नसलेली पत्नी देऊन पहिल्याच भागात तिचा त्याच्या हातून मृत्यू घडवला. पहिल्या दोन बदलांचे बऱ्याच वाचकांनी स्वागत केले, तिसरा बहुतेकांना रुचला नाही. आलाना या पात्राची भूमिका भारतीय अभिनेत्री प्रियांका बोस यांनी केली. आलानाचे दोन संरक्षकांशी असलेले नाते तेथे मोकळेपणाने येते, तर कादंबऱ्यांत तीच आलाना रँडला त्याच्या संमतीवाचून जादूच्या बंधनात बांधते आणि त्यामुळे वाचकांच्या मनातून उतरते.