अध्ययन अक्षमता आणि शाळा : कायदा काय सांगतो, पालकांनी काय करावे?

दर सोमवारी पोट दुखते, परीक्षेच्या आदल्या दिवशी उलट्या होतात, सुट्टी लागली की सगळे बरे. अशा मुलांना घेऊन पालक आमच्याकडे येतात. तपासणीत काही सापडत नाही. मग वही मागून पाहिली की खरे दुखणे अनेकदा तिथे दिसते. तोंडी फडाफडा उत्तरे देणाऱ्या मुलाला चार ओळी धड लिहिता येत नाहीत. घरी आणि शाळेत मात्र त्याच्यावर 'आळशी' हा शिक्का बसलेला असतो.

अशा काही मुलांना विशिष्ट अध्ययन अक्षमता असते. त्यांच्यासाठी आज स्पष्ट कायदा आहे आणि गेल्या काही वर्षांत न्यायालयांनी तो आणखी पक्का केला आहे. पण त्याचा उपयोग वेळेवर हालचाल करणाऱ्यालाच होतो.

अध्ययन अक्षमता म्हणजे काय?

बुद्धी चांगली, शाळा नियमित, तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांत वयाच्या मानाने बरीच मोठी आणि टिकून राहणारी अडचण असणे, म्हणजे अध्ययन अक्षमता. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनाच्या अडचणीला डिसग्राफिया आणि गणिताच्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. मेंदूची माहिती हाताळण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे असे होते. हा मतिमंदपणा नाही आणि पालकांच्या संगोपनातला दोषही नाही. गोळीने हे बरे होत नाही. विशेष शिक्षकाकडून नियमित सराव आणि शाळेतील योग्य बदल यांनी मूल पुढे जाते.

लक्ष द्यावे अशी लक्षणे :

- तिसरीत येऊनही काना, मात्रा, वेलांटी गळणे, जोडाक्षरे टाळणे
- फळ्यावरचे उतरवताना शब्द किंवा ओळी सुटणे
- 'बासष्ट' ऐकून 26 लिहिणे. हातच्याचा हिशेब वारंवार चुकणे
- तोंडी उत्तर बरोबर, लेखी उत्तर अपुरे
- शाळेच्या दिवशीच पोटदुखी किंवा डोकेदुखी, चिडचिड, रडू येणे

ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका म्हणजे अक्षमता नव्हे. आधी डोळे आणि कान तपासा. रक्तक्षय, थायरॉइड, झोपेच्या तक्रारी, फिट्स, अतिचंचलता यांपैकी काही आहे का तेही पाहावे लागते. घरात वेगळी भाषा आणि शाळेत वेगळे माध्यम असेल, तर चाचणी करणाऱ्यांना ते आवर्जून सांगा.

मूळ कायदा

'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016' हा कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, आता ते 21 आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा समावेश झाला. पालकांना लागणाऱ्या तरतुदी अशा :

- कलम 16 : शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, गरजेनुसार सोयी करायच्या आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून तशी शिकवण्याची पद्धत अवलंबायची. म्हणजे खासगी मान्यताप्राप्त शाळाही यात आली.
- कलम 17 : परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट असे बदल शासनाने करायचे.
- कलम 31 : 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षे वयापर्यंत जवळच्या किंवा निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क.

याशिवाय शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे याला बंदी आहे. वर्गात उभे करून 'ढ' म्हणणे ही शिस्त नव्हे.

अलीकडे काय बदलले?

*लेखनिकाचा हक्क रुंदावला.* फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हात आखडणाऱ्या, स्वतः डॉक्टर असलेल्या एका उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक घेण्याचा हक्क मान्य केला. दिव्यांगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी आहे एवढ्या कारणावरून ही सोय नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. फेब्रुवारी 2025 च्या निकालात हीच भूमिका अधिक ठाम झाली.

*हुकलेला तास.* डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला 2021 च्या 'नीट' परीक्षेत हक्काचा जादा तास मिळाला नाही, कारण केंद्रावरच्या लोकांना नियम माहीत नव्हता. नोव्हेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेला उपाय शोधायला सांगितले. पुनर्परीक्षा मात्र मिळाली नाही. हक्काचा कागद परीक्षेच्या आधी केंद्राच्या हातात असायला हवा, हा या प्रकरणाचा धडा आहे.

*विशेष शिक्षक.* ऑक्टोबर 2021 मध्ये न्यायालयाने सर्वसाधारण शाळांसाठी प्रमाण ठरवले : प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या 10 मुलांमागे आणि माध्यमिक स्तरावर 15 मुलांमागे 1 विशेष शिक्षक. अंमलबजावणी रखडल्यामुळे मार्च 2025 मध्ये राज्यांना पदे मंजूर करून जाहीर करण्याचे आदेश द्यावे लागले.

*पाचवी आणि आठवी.* 2019 च्या दुरुस्तीने या इयत्तांत पुनर्परीक्षेनंतरही अनुत्तीर्ण राहिलेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने 2023 मध्ये तसा नियम केला. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता मात्र येत नाही. त्यामुळे 'सवलतीचे दहावीला बघू' हे धोरण आता महागात पडू शकते.

प्रमाणपत्र कसे मिळवावे?

1. शाळेकडून मुलाच्या अडचणींबद्दल लेखी पत्र घ्या. दोन-तीन वर्षांच्या वह्या आणि उत्तरपत्रिका जपून ठेवा.
2. डोळे व कान तपासून अहवाल घ्या.
3. यूडीआयडी संकेतस्थळावर अर्ज करा. जून 2021 पासून दिव्यांगत्व प्रमाणपत्र याच मार्गाने मिळते.
4. जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या शासकीय, महापालिका रुग्णालयात बालरोग किंवा मानसोपचार तज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ तपासतात. बुद्ध्यांक आणि शैक्षणिक क्षमता यांच्या चाचण्या होतात. एका फेरीत हे आटपत नाही.
5. ऑक्टोबर 2024 च्या सुधारित नियमांनुसार प्रमाणपत्र देण्याची मुदत 3 महिने आहे.

अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र साधारणपणे 8 वर्षांच्या आधी दिले जात नाही. पण मदत त्यासाठी थांबवू नका. सराव पहिलीपासूनही सुरू करता येतो. प्रमाणपत्रावर नूतनीकरणाची तारीख आहे का तेही पाहा.

माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी किंवा खासगी केंद्राचा अहवाल यांचा पुढे पाठवण्यासाठी उपयोग होतो. पण शासकीय प्रमाणपत्राची जागा ते घेऊ शकत नाहीत.

शाळेशी बोलताना

- प्रमाणपत्राची प्रत अर्जासोबत द्या आणि पोच घ्या.
- काय हवे ते नेमके लिहा : दर तासाला किमान 20 मिनिटे जादा, म्हणजे 3 तासांच्या पेपरला 1 तास, लेखनिक, भाषेतील सूट, गणिताची सवलत.
- मंडळाच्या परीक्षेच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. नववी संपतानाच विचारा.
- लेखनिकासोबत घरी सराव करा. उत्तर सांगणे हेही शिकावे लागते.
- भाषा सोडण्यापूर्वी पुढे कोणत्या शाखेला जायचे आहे याचा विचार करा.

शाळेने नकार दिला, तर तो लेखी मागा. त्यानंतर शिक्षणाधिकारी आणि पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालय येथे तक्रार करता येते. कायद्याच्या भंगासाठी पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत, पुढे 50,000 ते 5 लाख रुपये दंडाची तरतूद आहे. तरी वर्गशिक्षकांशी शांतपणे बोलून सुरुवात करा. मुलाला रोज त्यांच्याच वर्गात बसायचे असते.

तातडीने डॉक्टरांना कधी भेटावे?

मूल शाळेत जायला ठाम नकार देत असेल, झोप किंवा जेवण तुटले असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा 'मी नकोच होतो' असे बोलत असेल, तर प्रमाणपत्राची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे या.

'प्रमाणपत्र घेतले तर मुलावर कायमचा शिक्का बसेल' ही भीती बरेच पालक बोलून दाखवतात. पण 'आळशी', 'ढ' हे शिक्के आधीच बसलेले असतात. अडचणीला खरे नाव मिळाले की मुलाला निदान एवढे कळते की चूक त्याची नव्हती.