मुठीकडून शब्दाकडे, आणि परत
'डेफ जॅम व्हेंडेटा' (२००३) या व्हिडिओ गेममध्ये डीएमएक्स, मेथड मॅन यांसारखे रॅपर कुस्तीच्या आखाड्यात उतरतात. वाशीममध्ये कलगी-तुरा शिकवणाऱ्या आम्हांला हा खेळ प्रथमदर्शनी परका वाटला नाही. शिवाचा तुरा आणि शक्तीची कलगी यांचे सवाल-जवाब म्हणजेही झगडाच. फरक शस्त्राचा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७१ साली टोळ्यांनी तह केला. १९७३ पासून तेथेच हिप-हॉप रुजले आणि हाणामारीची ईर्ष्या नाच-गाण्यांच्या चढाओढीत उतरली. हा प्रवास गेमने उलटा फिरवला. येथे कवी प्रतिस्पर्ध्याला निरुत्तर करीत नाही, आडवा पाडतो. काव्य उरते पार्श्वसंगीतापुरते. हरलेल्यालाही पुन्हा जवाब देता येतो, ही शब्दांच्या झगड्याची थोरवी या आखाड्यात आम्हांला दिसली नाही.