पक्क्या घराचा कच्चा हिशेब

जबलपूरहून दिंडोरीकडे निघालं की वाटेत कुंडम लागतं. हिरण नदीचा उगम इथलाच, आणि वस्ती बहुतांशी गोंडांची. मागच्या मे महिन्यात इथल्या एका गावात मी ज्या घरी उतरले, तिथे एकाच अंगणात दोन घरं होती. पुढे प्रधानमंत्री आवास योजनेतली विटा-सिमेंटची खोली, वर स्लॅब. मागे मातीचं जुनं घर, खपऱ्यांच्या छपराचं, छुही म्हणजे इथल्या पांढऱ्या मातीने लिंपलेलं. दुपारचे दोन वाजले होते. पाहुण्याला पुढे बसवायची रीत, म्हणून घरधनीण दाईने मला नव्या खोलीत खाट टाकून दिली. पाच मिनिटांत तीच म्हणाली, "दीदी, पीछे चलो, यहाँ जी घबराता है." नव्या खोलीत धान्याची पोती आणि मोटारसायकल होती. माणसं मागे निजत होती.

हे जबलपुरात आमच्या मराठी मंडळींना सांगितलं तर उत्तर ठरलेलं: सवय जात नाही हो त्यांची. मातीचं घर रोगट आणि सिमेंटचं निरोगी, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की त्याला पुरावा लागतो असंही कुणाला वाटत नाही. सरकारी व्याख्येतही कच्चं-पक्कं ठरतं ते भिंत आणि छप्पर कशाचं आहे एवढ्यावर. मला हे मत नुसतं चुकीचं वाटत नाही, घातक वाटतं. भिंत बदलली की आरोग्य आलं असं मानून आपण हात झटकतो, आणि रोग ज्या वाटांनी येतो त्या तशाच मोकळ्या राहतात.

पूर्वपक्ष मात्र तगडा आहे आणि तो पुरता मांडायला हवा. मेक्सिकोत सरकारने गरिबांच्या घरांत मातीच्या भुईवर सिमेंटचा कोबा करून दिला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात असं दिसलं की सगळी मातीची भुई सिमेंटची झाली तर मुलांच्या पोटातले जंत 78 टक्क्यांनी आणि जुलाब 49 टक्क्यांनी घटतात. भेगाळलेल्या मातीच्या भिंतींत काळा आजार पसरवणारी वाळूमाशी राहते, हेही सिद्ध आहे. आणि जबलपूरच्या माणसाला 22 मे 1997 ची रात्र कशी विसरता येईल? 5.8 तीव्रतेचा भूकंप, चाळिसाच्या आसपास बळी, कोसमघाटसारखं गाव जमीनदोस्त, आणि ढासळली ती मुख्यतः मातीची घरं.

पण मेक्सिकोत बदललं काय, ते पाहा. बदलली फक्त भुई. भिंती होत्या तशाच राहिल्या. जंतांची अंडी ओलसर मातीत टिकतात, रांगतं मूल तिथेच हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. म्हणजे हा पुरावा कोब्याचा आहे, सिमेंटच्या घराचा नव्हे. तो मी मनापासून मान्य करते, आणि शेण जंतुनाशक असतं असं सांगणाऱ्यांनीही तो मान्य करावा. धनुर्वाताचे बीजाणू शेणातही सापडतात. रांगत्या मुलाच्या घरात सारवलेली भुई नको, हे मातीच्या घराची बाजू घेऊनही मी स्पष्ट म्हणेन. वाळूमाशीचा आक्षेप भेगांवर आहे. दर सणाला लिंपलेल्या भिंतीला भेगा राहत नाहीत.

भूकंपाचंही तसंच. घरं पडली ती माती होती म्हणून नाही, भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारं काही नव्हतं म्हणून. आपल्या मानक ब्यूरोनेच 1993 मध्ये आयएस 13827 हे मानक काढलं, ते केवळ मातीच्या घरांच्या भूकंपरोधनासाठी आहे. दरवाज्याच्या माथ्यावर आणि छपराखाली भिंतींभोवती लाकडाचा सलग पट्टा फिरवणं, कोपऱ्याजवळ दारं-खिडक्या न काढणं, भिंतीची उंची आणि लांबी मर्यादेत ठेवणं, असे साधे उपाय त्यात आहेत. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. तिथे माणसं गाडली गेली ती मातीत रचलेल्या गोट्यांच्या अवजड भिंतींखाली आणि धाब्याच्या ओझ्याखाली. दोष बांधणीचा होता, आणि वाईट बांधणी सिमेंटमध्येही तितकीच मारते.

आता उत्तरपक्ष. 1964 च्या मार्चमध्ये कैरोच्या इमारत संशोधन केंद्रात एक प्रयोग झाला. हसन फथी या वास्तुविशारदाने तो आपल्या पुस्तकात सविस्तर दिला आहे. शेजारी शेजारी दोन खोल्या बांधल्या: एक कच्च्या विटांची, अर्धा मीटर जाड भिंतींची, दुसरी दहा सेंटिमीटर जाडीच्या तयार काँक्रीटची. दिवसरात्रीत मातीच्या खोलीतलं तापमान 21 ते 23 अंशांत राहिलं. काँक्रीटची खोली 36 अंशांपर्यंत गेली, बाहेरच्या हवेपेक्षा 9 अंश जास्त. कारण सरळ आहे. जाड मातीतून ऊन आत झिरपायला दहा-बारा तास लागतात, तोवर रात्र होते. चार इंची स्लॅबमधून ते तीन तासांत उतरतं. कुंडममध्ये मी दाईच्या दोन्ही घरांच्या भिंतींना हात लावून पाहिला. मागची गार होती, माठाच्या पोटासारखी. पुढच्या खोलीच्या छताखाली हात वर केला तेव्हा तव्याजवळ नेल्यासारखी धग लागली. मेमध्ये इथे पारा 42 च्या वर जातो. अशा दिवसांत म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं कुठे निजावीत हा आरोग्याचाच प्रश्न आहे, आणि दाईने तो कुणालाही न विचारता सोडवला होता.

काँक्रीट म्हणजे निरोगी, याचा सगळ्यात कठोर प्रतिवाद मुंबईत उभा आहे. गोवंडी-मानखुर्दकडच्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये झोपड्यांतल्या लोकांना पक्क्या इमारतींत घरं मिळाली. इमारतींमध्ये अंतर जेमतेम तीन मीटर. 2018 मध्ये पुढे आलेल्या पाहणीत तिथे क्षयरोग जास्त आढळला, आणि ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर त्याचा जोर अधिक होता. त्या घरांत सगळं पक्कं होतं, फक्त सूर्य आत येत नव्हता.

धुराचं तर विचारूच नका. संशोधक कर्क स्मिथ यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेतल्या खेड्यांत चुलीपुढच्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला, तेव्हापासून त्याचं विष जगाला कळलं. उज्ज्वला योजनेचं सिलिंडर दाईकडेही आहे, पण ते पाहुण्यांच्या चहापुरतं. भात लाकडावरच शिजतो. जुन्या घरात धूर खपऱ्यांच्या फटींतून निदान वर निघून जातो. तीच चूल एकखिडकी स्लॅबखाली आली की धुराला वाटच उरत नाही. खपऱ्याखालची काजळी पाहून मला जुन्या घराचंही कौतुक वाटत नाही. पण नव्या घराने जुन्याचं दुखणं वाढवू नये, एवढी तरी अपेक्षा करावी ना?

मग घर कसं असावं? आवास योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटरचं घर धरलं आहे. तेवढ्यात बरंच बसतं. दारासमोरच्या भिंतीत खिडकी हवीच, म्हणजे वारा आरपार जातो. एका बाजूच्या दोन खिडक्या त्याची जागा घेत नाहीत. चूल परछीत म्हणजे पडवीत न्यावी, ओट्यावर उंच करावी आणि वर धुराडं काढावं. भुईला कोबा, आणि जोतं अंगणापेक्षा निदान दीड फूट वर. स्लॅबला दर उन्हाळ्यात चुन्याचा पांढरा हात द्यावा. त्यावर मांडव घालून दोडक्या-भोपळ्याचा वेल चढवला तर आणखी बरं, मात्र पाणी साचू देऊ नये. मोरीचं पाणी परसातल्या केळीला सोडावं. माठातलं पाणी ओगराळ्याने घ्यावं, हात बुडवू नये. आणि जुनी मातीची भिंत असेल तर तिच्यावर सिमेंटचा गिलावा कधीच करू नये. माती ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिचं तोंड दाबलं की ओल आत कोंडते, दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पोकळ होतो आणि त्यामागची भिंत भुसभुशीत. हे मी कुंडमच्याच रस्त्यावर एका घरात पाहिलं. गिलाव्यावर टिचकी मारली तर डबा वाजावा तसा आवाज आला.

यातलं काहीही सरकारी धोरणाच्या विरोधात नाही. केंद्र सरकारने 'पहल' नावाने प्रांतोप्रांतीच्या ग्रामीण घरांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह छापला आहे, त्यात स्थानिक माती, दगड, बांबू, लाकूड यांचा सन्मानाने विचार केलेला आहे. तो गवंड्यापर्यंत पोचत नाही, हे खरं दुखणं. गवंडी शहरात स्लॅब टाकायला शिकून येतो आणि तेवढंच गावात टाकतो. मातीची भिंत उभी करणारे हात म्हातारे होत चाललेत. याच रस्त्याने पुढे दिंडोरी जिल्ह्यात पाटनगढ आहे, चित्रकार जनगढसिंह श्याम यांचं गाव. त्यांची जगभर गेलेली चित्रकला अशाच लिंपलेल्या भिंतींवर वाढली. त्या भिंतीची चित्रं आपण दिवाणखान्यात लावतो आणि भिंतीला मागासलेली म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं.

संध्याकाळी निघताना दाईला नव्या खोलीतली दारासमोरची भिंत दाखवली आणि इथे खिडकी काढा म्हटलं. तिने वीत-वीत मोजून जागा पाहिली, पलीकडे आंब्याचं झाड आहे याची खात्री केली. मग हळूच विचारलं, "सरकारी घर है दीदी, दीवार फोड़ने से कोई कुछ कहेगा तो नहीं?" मी म्हटलं, घर तुमच्या नावावर आहे, कुणी काही म्हणणार नाही. तिने मुलाला हाक मारली आणि कोळशाने भिंतीवर चौकट आखायला सांगितलं.