गंजिफांचे रंग आणि खेळांतील तोल

राज्यांचे, धर्मांचे आणि वाङ्मयाचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. परंतु ज्या खेळांत पिढ्यानुपिढ्यांच्या संध्याकाळी गेल्या, त्यांचा इतिहास लिहिण्याजोगा आहे असें फार थोड्यांस वाटलें. आज हा विषय आम्ही हातीं घेत आहों, त्यास कारण आहे. ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या आमच्या शहरांत ज्या घरीं पुस्तकांचें कपाट असतें, त्या घरीं आतां बहुधा संगणकही असतो. आणि सुटीच्या दिवशीं घरांतील मुलगा किंवा मुलगी त्याच्या पडद्यावर कोणत्या तरी काल्पनिक राज्यांत तलवार घेऊन हिंडत असते. वडील मंडळींची यावर दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, हा निव्वळ काळाचा अपव्यय आहे. कोणी म्हणतात, हें परदेशाहून आलेलें अगदीं नवें खूळ आहे. पहिल्या मताचा निर्णय ज्यानें त्यानें आपल्या घरापुरता करावा. दुसरें मत मात्र इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं, आणि तें कां उतरत नाहीं हें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम या खेळांचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मुलें ज्यांस 'ओपन वर्ल्ड' म्हणतात, त्या खेळांत एक विस्तीर्ण प्रदेश असतो. खेळणारानें एखाद्या पात्राची भूमिका घ्यावी, वाटेल त्या दिशेनें जावें, आणि लढाया, शोध व व्यापार यांतून त्या पात्राचें बळ वाढवावें. खेळ लोकप्रिय झाला कीं कर्ते त्यास नवा जोडभाग काढतात: नवा प्रदेश, नवे शत्रु, नवीं शस्त्रें. हा झाला विस्तार. परंतु नवें शस्त्र इतकें प्रबळ निघालें कीं जुनीं सर्व निरुपयोगी ठरलीं, किंवा जुन्या बळापुढें नवे शत्रु पालापाचोळ्यासारखे उडूं लागले, तर खेळांतील गोडी जाते. ती राखणें म्हणजे तोल राखणें. नव्या भागानें जुना खेळ सुधारला कीं बिघडला, यावर आमच्याकडील तरुण मंडळी तावातावानें वाद घालतात. तोच प्रश्न गोल पानांच्या एका जुन्या खेळांतही उभा राहिला होता, आणि त्याचें एक उत्तम उत्तर दक्षिण कोंकणांत सावंतवाडीस आजही पाहावयास मिळतें. ठाण्या-डोंबिवलींत सावंतवाडी, कुडाळ, मालवण या बाजूचीं कुटुंबें पुष्कळ आहेत. त्यांना गंजिफा हा शब्द नवा नाहीं.

गंजिफांचें नांव फारसी आणि खेळही त्याच वाटेनें इकडे आला. बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत १५२७ सालीं सिंधमधील ठठ्ठ्याच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद केली आहे. कारण शाह हसनला त्या खेळाची आवड होती व त्यानें त्या मागितल्या होत्या. पुढें अकबराच्या दरबारीं अबुल फज्लनें आईने अकबरींत या पानांचें सविस्तर वर्णन केलें. त्यांतील जुन्या संचाचे बारा रंग होते व प्रत्येक रंगाचा एकेक अधिपति होता: अश्वपति, गजपति, नरपति, गढपति, धनपति, दळपति, नौकांचा स्वामी, स्त्रियांची राणी, सुरपति, असुरपति, वनपति आणि नागांचा राजा अहिपति. ही यादी वाचतांना आजच्या एखाद्या कल्पित-राज्याच्या खेळाची अनुक्रमणिकाच वाचीत आहों असा भास होतो. घोडदळ, गड, गलबतें, देव, दानव, श्वापदें, सर्प, कांहीं म्हणून उरलेलें नाहीं.

बारा रंग आणि प्रत्येकांत बारा पानें, मिळून १४४ पानें झालीं. अबुल फज्ल पुढें अकबरानें केलेले फेरबदल सांगतो, आणि त्या नव्या रचनेंत मोहोरा, बराती, वस्त्रें, वाद्यें, रुपये, तलवारी, मुकुट व गुलाम असे आठ रंग वर्णितो. हाच ९६ पानांचा खेळ पुढें हिंदुस्थानभर पसरला. महाराष्ट्रांत त्यास चंगकांचनी म्हणत. म्हणजे खेळाच्या इतिहासांत प्रत्येक पाऊल विस्ताराचेंच असतें असें नाहीं. संकोच हीही एक सुधारणा असूं शकते.

या खेळाचे नियम लक्ष देण्याजोगे आहेत. खेळणारे सामान्यतः तिघे. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतचीं पानें. अर्ध्या रंगांत राजा-प्रधानांच्या खालोखाल दश्शी श्रेष्ठ आणि एक्का कनिष्ठ. उरलेल्या अर्ध्या रंगांत हा क्रम उलटा, एक्का श्रेष्ठ आणि दश्शी कनिष्ठ. या उलटापालटीनें पानें वाटण्यांतील दैवाचा वांटा कमी होतो असें कोणी समजेल, पण तसें नाहीं; क्रम कोणताही ठेवला तरी प्रत्येक रंगांत बलवान व दुर्बळ पानें तितकींच राहतात. तिचा उपयोग निराळा आहे. कोणतेंही पान केवळ त्यावरील आंकडा पाहून मोठें किंवा लहान मानतां येत नाहीं. तें कोणत्या रंगांतील आहे हें पाहूनच त्याची किंमत करावी लागते. शिवाय वरचें पान खेळून गेलें कीं त्याच्या खालचें पान श्रेष्ठ होतें. म्हणून कोणतीं पानें गेलीं हें ज्यास आठवतें तोच जिंकतो. डाव दिवसा असेल तर सुवर्णाचा रंग ज्याच्या हातीं त्यानें आरंभ करावयाचा, रात्रीं असेल तर रुप्याचा. एक सूर्याचा, दुसरा चंद्राचा. आरंभाचा मान कोणाच्याही मर्जीवर राहिला नाहीं.

या पायावर हिंदु कलावंतांनीं आणि खेळणारांनीं दशावतारी गंजिफांची उभारणी केली. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की असे दहा रंग, पानें १२०. अशिलें नवीं, कथा नवी, चित्रें नवीं. परंतु या विस्तारांत काय बदललें यापेक्षां काय बदललें नाहीं तें पाहण्यासारखें आहे. रंगांतील पानांची संख्या बाराच राहिली. बारास तिनानें नि:शेष भाग जातो. म्हणून रंग कितीही वाढविले तरी तिघांस समान पानें येतात, पूर्वीं बत्तीस येत होतीं तीं आतां चाळीस झालीं इतकेंच. अर्धे रंग सुलट व अर्धे उलट ही व्यवस्थाही तशीच राहिली. चार-चारांच्या जागीं पांच-पांच झाले. सुवर्ण-रुप्याच्या जागीं दिवसा राम आणि रात्रीं कृष्ण आरंभ करूं लागले. सूर्यवंशी रामाकडे दिवस आणि चंद्रवंशी कृष्णाकडे रात्र देण्यांत जुना नियमही राखला गेला आणि नव्या कथेसही तो शोभला. चंगकांचनी येणाऱ्या मनुष्यास दशावतारी एका संध्याकाळीं शिकतां यावी, आणि तरीही त्याच्या स्मृतीवर चोवीस पानांचा नवा भार पडावा, असा हा बेत आहे. चांगल्या विस्ताराचें याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

अन्यत्र हा विस्तार पुढें चालूच राहिला. ओरिसांत आठ रंगांपासून सोळा रंगांपर्यंत संच झाले. सोळा रंगांचीं पानें १९२ होतात. म्हैसूरचे राजे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांस अशा रचनांचा विलक्षण नाद होता. त्यांनीं देवतांच्या नांवांनीं नवनवे संच योजिले, आणि त्यांतील कांहींची पानें ३६० पर्यंत गेलीं. चित्रकला म्हणून ते संच अप्रतिम आहेत. खेळ म्हणून मात्र ते राजवाड्याबाहेर फारसे रूढ झाले नाहींत, आणि याचें कारण आमच्या मतें उघड आहे. गंजिफांचा सर्व रस गेलेलीं पानें आठवण्यांत आहे. एकशेंवीस पानांपैकी आपलीं चाळीस सोडून ऐंशींचा माग सामान्य मनुष्यास ठेवतां येतो, तीनशेंसाठांचा ठेवतां येत नाहीं. जेथें स्मृति थकते तेथें खेळ संपतो आणि केवळ वैभव उरतें.

पुढें छापील बावन पत्ते स्वस्त झाले आणि हातानें रंगविलेल्या गंजिफा मागें पडल्या. सावंतवाडीस ही कला लुप्त होण्याच्या बेतांत असतां शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं ती १९७० नंतरच्या दशकांत राजवाड्यांतच पुन्हां उभी केली. चिंचोक्याच्या खळीनें पानें घट्ट करावीं, रंगवावीं आणि वर लाखेचा लेप द्यावा, ही परंपरा त्यामुळें वांचली. परंतु कारागीर वांचले त्या मानानें खेळणारे वांचले नाहींत. आज बहुतेक संच भेटीदाखल घेतले जातात आणि कांचेच्या चौकटींत बसतात.

आतां संगणकाकडे वळूं. अमेरिकेंतील मेरीलंड प्रांतांतील बेथेस्डा या संस्थेनें २००२ सालीं 'मॉरोविंड' व २००६ सालीं 'ऑब्लिव्हियन' हे दोन खेळ काढले. पहिल्यांत जग बहुतांशीं स्थिर होतें. बलाढ्य शत्रु जेथें असेल तेथें बलाढ्यच असे, आणि दुर्बळ प्रवाशानें तेथून पळ काढावा. दुसऱ्यांत कर्त्यांनीं तोल राखण्याची सोपी युक्ति योजिली: खेळणारा जसजसा बळावेल तसतसें भोंवतालचें जगही बळावेल. परिणाम हास्यास्पद झाला. आरंभीं फाटक्या वेषांत भेटणारे वाटमारे पुढें अत्यंत मौल्यवान चिलखत घालून वाटेंत आडवे येत आणि शंभर नाण्यांची खंडणी मागत. त्या चिलखताची किंमत खंडणीच्या कितीतरी पट! विनोद बाजूस ठेवला तरी दोष गंभीर होता. मिळविलेल्या बळाचा अनुभवच येत नसेल तर तें मिळवावें कशासाठीं? २०११ च्या 'स्कायरिम'मध्यें याच संस्थेनें निरनिराळ्या स्थळांना बळाच्या मर्यादा घालून ती चूक पुष्कळशी सुधारली.

याच्या उलट उदाहरण जपानांतील. फ्रॉमसॉफ्टवेअरच्या 'एल्डन रिंग' या २०२२ च्या खेळास जून २०२४ मध्यें मोठा जोडभाग निघाला. दोन वर्षें खेळून काहींचीं पात्रें अजिंक्य झालीं होतीं, तर काहींचीं बेताचींच होतीं. दोघांसही एकच नवा प्रदेश कसा पुरावा? कर्त्यांनीं त्या प्रदेशापुरतें एक वेगळें बळ निर्माण केलें. तें तेथेंच शोधून मिळवावयाचें आणि तेथेंच उपयोगी पडावयाचें. जुनी दश्शी नव्या रंगांत कनिष्ठ ठरावी तसाच हा प्रकार. जुनें बळ पुसून टाकलें नाहीं, परंतु नव्या रंगांत त्याची किंमत नव्यानें करावी लागली. भाग फारच कठीण झाला अशी ओरड झाली, तेव्हां आठवड्याच्या आंतच कर्त्यांनीं त्या बळाचें प्रमाण थोडें वाढवून दिलें.

पोलंडमधील 'विचर' या कथामालेच्या २०१५ च्या तिसऱ्या खेळांत तर पत्त्यांचाच एक खेळ घातलेला आहे. ग्वेंट हें त्याचें नांव. त्यांत प्रथम चार गट होते. २०१६ च्या जोडभागांत पांचवा आला. आणि मौज अशी कीं, जुन्या चार गटांचे अभिमानी या पांचव्यास विरोध करतात, असा प्रसंग कथेंतच रंगविला आहे. चंगकांचनीच्या एखाद्या वृद्ध खेळाडूनें दहा रंगांचा संच प्रथम पाहिला असेल तेव्हां त्यानेंही असेंच कपाळास आठी घातली नसेल काय?

जुन्या आणि नव्या खेळांत एक भेद मात्र आम्हांस महत्त्वाचा वाटतो. श्रीमंताच्या गंजिफा हस्तिदंती असत आणि गरिबाच्या कागदी किंवा कापडी. पण हस्तिदंती मत्स्याचा प्रधान कागदी मत्स्याच्या प्रधानाहून तिळभरही बलवान नव्हता. पैशानें शोभा विकत मिळे, बळ मिळत नसे. 'ऑब्लिव्हियन'च्या कर्त्यांनीं २००६ मध्यें घोड्याचें चिलखत अडीच डॉलरांस विकावयास काढलें तेव्हां लोक हंसले. पण त्यानंतर मोबाईलवरील कित्येक खेळांत पैसे देऊन बळही विकत मिळूं लागलें, आणि तेथें तोल हा शब्दच निरर्थक झाला. आपल्या मुलांच्या हातीं कोणता खेळ द्यावा याचा विचार करणाऱ्या आईबापांनीं तलवार व रक्त यांची जितकी चौकशी करावी, तितकीच याही गोष्टीची करावी: या खेळांत जिंकणारा बुद्धीनें व चिकाटीनें जिंकतो कीं पाकिटानें?

दुसरी गोष्ट आम्हां मोठ्यांची. मुलें नव्या भागाचे गुणदोष किती बारकाईनें पाहतात हें ऐकावें म्हणजे आश्चर्य वाटतें. ही दृष्टि आपल्या पूर्वजांस होती. आपणच तिची ओळख ठेवली नाहीं. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून पुस्तकें जतन करीत आलें आहे. पुस्तक वाचलें म्हणजे जगतें. गंजिफांचें तसें नाहीं. त्यांस तीन खेळणारे लागतात. ज्यांच्या घरीं चौकटींत संच आहे त्यांनीं तो एखाद्या रविवारीं खालीं काढावा, संगणकापुढील मुलास हांक मारावी आणि त्यास पांच रंग सुलट व पांच रंग उलट कां हें विचारावें. त्याचें उत्तर तो आपल्याहून लवकर देईल असा आमचा अदमास आहे. आणि दिवस असेल तर डावाचा आरंभ ज्याच्या हातीं राम आला असेल त्यानें करावा.