बोली, दोष आणि एका शाळेवरचा खटला

माझा विषय लहान मुलांच्या भाषेच्या चाचण्या. स्कोअर, कट-ऑफ, आलेख, असलं सगळं. तरी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात अमेरिकेतल्या एका कोर्टकेसने होते, आणि ‘हे इथे कशाला?’ असं माझ्या गाइडनी विचारलंच. ही पोस्ट म्हणजे त्याचं लांबलेलं उत्तर समजा.

मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर नावाचं विद्यापीठाचं शहर आहे. तिथे मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर एलिमेंटरी स्कूल ही सरकारी प्राथमिक शाळा. १९७०च्या दशकात शाळेतली साधारण ८० टक्के मुलं गोरी होती, त्यातली बरीच सुस्थितीतल्या घरांतली. १३ टक्के कृष्णवर्णीय, उरलेली आशियाई आणि लॅटिनो. कृष्णवर्णीय मुलांपैकी काही जण ग्रीन रोडवरच्या कमी उत्पन्न गटाच्या वसाहतीतून येत. वर्षं जात होती आणि या मुलांना नीट वाचता येत नव्हतं. शाळेने काही केलं नाही असं नाही. कुणाला त्याच इयत्तेत पुन्हा बसवलं, कुणाला काही न येताच वरच्या वर्गात ढकललं, कुणावर अध्ययन-अक्षमतेचा शिक्का मारला, आणि काहींना स्पीच थेरपीला पाठवलं. २८ जुलै १९७७ रोजी त्यांच्या आयांनी मुलांच्या वतीने शाळा मंडळावर खटला भरला. वकील होते गेब कायमोविट्झ. खटला उभा राहिला तेव्हा त्यात ११ मुलं होती.

त्या यादीतल्या शेवटच्या उपायापाशी मी अडकते, कारण तो माझ्या व्यवसायाचा आहे. मुलांची बोली घरातली, गल्लीतली, आजीची. ती बोलल्याबद्दल त्यांना ‘उपचार’ दिले जात होते.

असं का झालं असावं, हे व्यवसायाच्या जुन्या नावावरून थोडंफार कळतं. शिकागोच्या सरकारी शाळांमध्ये १९१०च्या सुमारास पहिल्यांदा अशा शिक्षिका नेमल्या गेल्या, आणि त्यांना म्हणत ‘स्पीच करेक्शन टीचर’. १९२५ साली या लोकांची राष्ट्रीय संघटना निघाली, तिच्याही नावात ‘स्पीच करेक्शन’ होतं. म्हणजे दुरुस्ती. तोतरेपणा, दुभंगलेल्या टाळूमुळे येणारे उच्चार, आणि परदेशी वळणाचे उच्चार, सगळं एकाच टेबलावर. दुरुस्त करायचं तर एक बरोबर नमुना लागतो, आणि तो नमुना कोणाचा हे कुणी विचारत नव्हतं. ‘लँग्वेज’ हा शब्द संघटनेच्या नावात १९७८ साली आला, म्हणजे अ‍ॅन आर्बरचा खटला चालू असताना. योगायोगच, पण मला तो लक्षात राहतो.

भाषाशास्त्रज्ञ मात्र तोवर बरंच पुढे गेले होते. विल्यम लबॉव्ह यांनी १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काम केलं. कृष्णवर्णीय मुलं ‘ही इज टॉल’ऐवजी ‘ही टॉल’ म्हणतात, मधला ‘इज’ खातात, हे शिक्षकांना आळशीपणाचं लक्षण वाटायचं. लबॉव्ह यांनी १९६९ साली दाखवलं की त्याला पक्का नियम आहे. प्रमाण इंग्रजीत जिथे ‘ही इज’चं ‘हीज’ असं आखूड रूप होऊ शकतं, तिथेच या बोलीत तो ‘इज’ गाळता येतो. ‘दॅट्स हाउ टॉल ही इज’ या वाक्याच्या शेवटी आखूड रूप चालत नाही, तर तिथे ही मुलंही ‘इज’ गाळत नाहीत. आळसाने बोलणारा माणूस एवढी शिस्त पाळेल का?

लबॉव्ह यांच्याच लेखनातला आणखी एक प्रसंग आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. आठ वर्षांचा एक मुलगा मुलाखतीत जेमतेम एकेक शब्द बोलतो. मुलाखत घेणारे क्लॅरेन्स रॉबिन्स स्वतः कृष्णवर्णीय आणि हार्लेममध्येच वाढलेले, तरी मुलगा गप्पच. पुढच्या वेळी रॉबिन्स बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट घेऊन आले, मुलाच्या जिवलग मित्राला बरोबर आणलं आणि खुर्ची सोडून जमिनीवर बसले. मग दोन्ही पोरं एकमेकांना बोलू देईनात. मूल तेच, माणूस तोच. माझ्यासारख्या विज्ञानवालीला यातून दिसतं ते असं, की पहिल्या दिवशी मोजलं गेलं ते त्या खोलीतलं दडपण, आणि फाइलमध्ये नोंद झाली असती ‘भाषा अपुरी’ म्हणून.

अ‍ॅन आर्बरच्या कोर्टात लबॉव्ह यांनी साक्ष दिली. आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीच्या अभ्यासक जिनीव्हा स्मिदरमन या मुलांच्या बाजूच्या मुख्य तज्ज्ञ होत्या. शाळा मंडळाने आपल्या बाजूने एकही तज्ज्ञ उभा केला नाही. न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी गरिबी आणि वंश यांबद्दलचे मुद्दे आधीच बाजूला काढले होते. उरला १९७४च्या समान शैक्षणिक संधी कायद्यातला एक मुद्दा: शिक्षणात आड येणारा भाषेचा अडथळा दूर करणं ही शिक्षणयंत्रणेची जबाबदारी आहे. १२ जुलै १९७९ रोजी निकाल मुलांच्या बाजूने लागला. निकालातला तर्क मला फार काटेकोर वाटतो. मुलं आणि शिक्षक यांना एकमेकांचं बोलणं समजतं, मुलं दोन्ही पद्धतींनी बोलू शकतात, म्हणजे बोली हा स्वतः अडथळा नाही. शिक्षक नकळत त्या बोलीला नाकारतात, मुलाला ते जाणवतं, आणि वाचायला शिकणं तिथे अडतं. मंडळाने ३० दिवसांत योजना द्यावी, शिक्षकांना ही बोली ओळखायला शिकवावं आणि त्या ज्ञानाचा वापर प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवताना करावा, असा आदेश निघाला.

वर्तमानपत्रांत मात्र ‘आता शाळेत ब्लॅक इंग्लिश शिकवणार’ असा बोभाटा झाला. निकालात तसं काही नव्हतं. १७ दिवसांनी, २९ जुलैला, जेम्स बाल्डविन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये या बोलीची बाजू घेणारा निबंध लिहिला. तो आजही वर्गात वाचायला देतात. त्यामानाने खुद्द निकालपत्र वाचलेली माणसं मला फार भेटली नाहीत.

व्यवसायाने आपली बाजू १९८३ साली कागदावर आणली. अमेरिकन संघटनेने जाहीर केलं की इंग्रजीची कोणतीही बोली हा वाचा किंवा भाषेचा विकार नाही. कुणाला स्वतःहून प्रमाण इंग्रजी शिकायचं असेल तर जरूर मदत करा, पण त्याला उपचार म्हणू नका. यामागे संघटनेतल्या कृष्णवर्णीय सदस्यांचा कित्येक वर्षांचा रेटा होता. त्यांनी १९७८ साली आपली वेगळी राष्ट्रीय संघटनाही काढली होती.

आता इथे खरी अडचण सुरू होते. शाळेतल्या स्पीच थेरपिस्टची सकाळ डोळ्यांपुढे आणा. शिक्षिकेने एका मुलाचं नाव पाठवलंय. हातात अर्धा तास आणि एक छापील चाचणी. चित्रात माणूस चालतोय, मुलाने वाक्य पुरं करायचं: ‘रोज तो...’ प्रमाण इंग्रजीत उत्तर ‘वॉक्स’. मूल म्हणतं ‘वॉक’. शेवटचा ‘स’ नाही. आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीत इथे ‘स’ लागत नाही, म्हणून हे त्याच्या बोलीतलं बरोबर उत्तर असू शकतं. पण ज्या मुलांना खरोखर भाषाविकार असतो ती मुलंही नेमका हाच ‘स’ गाळतात. मेबल राइस आणि केनेथ वेक्सलर यांनी १९९६ साली क्रियापदाच्या अशा काळदर्शक खुणा गाळणं हेच विकाराचं लक्षण म्हणून मांडलं. दोन मुलं, एकच उत्तर, एकाच रकान्यात फुली. एकाला काही झालेलं नाही, दुसऱ्याला मदतीची गरज आहे. १९८३चं वाक्य कितीही योग्य असलं तरी त्या टेबलावर ते काही सांगत नाही.

आणि दुसरं मूल ही काल्पनिक भीती नाही. ब्रूस टॉम्ब्लिन यांच्या गटाने १९९७ साली आयोवा आणि आसपासच्या भागातल्या बालवर्गातल्या मुलांची पाहणी केली. ऐकू येण्यात किंवा बुद्धीत कमी नसताना भाषाविकार असलेल्या मुलांचं प्रमाण ७.४ टक्के निघालं. तीस मुलांच्या वर्गात दोन. ‘त्यांच्याकडे असंच बोलतात’ म्हणून ती दोन मुलं परत वर्गात पाठवली, तर तोही अन्यायच, फक्त दिसायला सभ्य. पॉल मॉर्गन यांच्या गटाने २०१५ साली म्हटलं की सारख्या पार्श्वभूमीच्या मुलांची तुलना केली तर अल्पसंख्याक मुलांमधले वाचा-भाषाविकार उलट कमी ओळखले जातात. यावरून जोरदार वाद झाला. मला स्वतःला त्यात तथ्य वाटतं, निदान भाषेपुरतं तरी.

मोजपट्टी बदलायला पुढची वीस वर्षं गेली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात हॅरी सिमूर यांनी टॉम रोपर आणि जिल डी व्हिलिअर्स यांच्याबरोबर ‘डेल्व्ह’ ही चाचणी बांधली. ती २००३ साली बाहेर आली. कल्पना साधी: बोलीबोलींत जिथे फरक पडतो त्या जागांवर निदान करायचंच नाही. शब्दाच्या शेवटची जोडव्यंजनं या बोलीत सुटी होतात, म्हणून उच्चार तपासायचे ते शब्दाच्या सुरुवातीच्या जोडव्यंजनांवर. ‘इज’ गाळला तर चालतं, पण भूतकाळातला ‘वॉज’ ही बोली गाळत नाही. तो गेला तर कान टवकारायचे.

त्याच विद्यापीठातला जॅनिस जॅक्सन यांचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. मुलांना सेसमी स्ट्रीटमधलं चित्र दाखवलं: कुकी मॉन्स्टर आजारी पडलाय, आणि कुकी खातोय एल्मो. ‘हू इज ईटिंग कुकीज?’ विचारलं की सगळी मुलं एल्मोकडे बोट दाखवतात. ‘हू बी ईटिंग कुकीज?’ विचारलं की गोरी मुलं पुन्हा एल्मोच म्हणतात, पण ही बोली बोलणारी कृष्णवर्णीय मुलं कुकी मॉन्स्टर म्हणतात. कारण त्यांच्या बोलीत हा ‘बी’ म्हणजे ‘नेहमी करतो’. कुकी नेहमी खातो तो कुकी मॉन्स्टरच. आपल्या ‘खातो’ आणि ‘खातोय’ मधला फरक ती मुलं चोख पाळत होती. गंमत म्हणजे या प्रश्नाला प्रमाण इंग्रजीवाली मुलं ‘नापास’ झाली, आणि त्यांना कुणी थेरपीला पाठवलं नाही.

मराठीत हा प्रश्न वेगळ्या कपड्यांत भेटतो. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात, आणि एका मराठी माध्यमाच्या वर्गातही चार जिल्ह्यांची मराठी बसलेली असते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाकडे वर्ग कसा बघतो ते तुम्हाला सांगायला नको. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा ‘डोया’ होतो. तो त्या बोलीचा नियम आहे. पण साडेपाच वर्षांचं मूल ‘काय’ला ‘ताय’ आणि ‘गाडी’ला ‘दाडी’ म्हणत असेल, तर असं कुठल्याच मराठी बोलीत होत नाही, आणि ‘गावाकडचं आहे, बोलेल हळूहळू’ म्हणून सोडून देणं महागात पडतं. शिक्षकांच्या कानाला मात्र बरेचदा ‘पानी’ आधी खुपतं, ‘ताय’ला ‘अजून बोबडं बोलतं’ म्हणून हसून सोडलं जातं.

माझं काम या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचं आहे. त्यासाठी मी निरर्थक शब्द वापरते: मुलाने कधीच न ऐकलेला शब्द ऐकायचा आणि तसाच परत म्हणायचा. थॉमस कॅम्बेल आणि क्रिस्टीन डॉलहन यांच्या गटाने १९९७ साली दाखवलं होतं की शब्दसंपत्ती मोजणाऱ्या चाचणीत अल्पसंख्याक मुलं मागे दिसतात, पण अशा कामात मागे दिसत नाहीत. इथे मूल आधी काय शिकलंय यापेक्षा ऐकलेलं किती धरून ठेवतं हे कळतं.

पण निरर्थक शब्दही कुठल्या ना कुठल्या मराठीतले ध्वनी घेऊनच बनतात. माझ्या पहिल्या यादीत ‘ण’ आणि ‘ळ’ दोन्ही होते, कारण ते मराठी वाटायला हवेत असा आग्रह होता. ‘ळ’ असलेला शब्द अमरावतीच्या मुलाने ‘य’ लावून परत म्हटला तर तो चुकला म्हणायचा का? म्हणून आता ते दोन्ही ध्वनी काढले आहेत. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार प्रदेशानुसार बदलतात, तेही काढले. गाइडचं म्हणणं आहे की अशाने यादी फार सोपी होईल. मी लांबी वाढवून अवघडपणा परत आणायचा प्रयत्न करतेय, चार-पाच अक्षरांचे शब्द घेऊन. ही यादी आधी पुण्यात आणि मग अमरावतीत वापरून बघायची आहे. शाळांकडे परवानगीचे अर्ज गेले आहेत.