इव्हँगेलियन : चाहत्यांनी लावलेले अर्थ

‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ या जपानी ॲनिमे मालिकेची पात्रे, तिचे एकाहून अधिक शेवट आणि तिची इंग्रजी भाषांतरे यांच्या अर्थावरून गेली तीसेक वर्षे चाललेला चाहत्यांचा वाद. हप्त्याहप्त्याने येणाऱ्या कथेवर जीव टाकणारे प्रेक्षक तिचा अर्थ कसा लावतात, हे पाहायला याहून बोलके उदाहरण मिळणे अवघड. इथे प्रेक्षकांच्या वाचनाला उत्तर द्यायला खुद्द दिग्दर्शकाने शेवट पुन्हा रचला, आणि तोही एकदाच नव्हे.

हिदेआकी आन्नो (जन्म १९६०) यांनी दिग्दर्शित केलेली, गायनॅक्स स्टुडिओची ही २६ भागांची मालिका टीव्ही तोक्यो वाहिनीवर ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात दर बुधवारी संध्याकाळी दाखवली गेली. कथा वरवर साधी आहे. २००० साली अंटार्क्टिकात झालेल्या उत्पातातून निम्मी मानवजात वाचली. पंधरा वर्षांनी ‘शितो’ नावाचे अजस्र जीव तोक्यो-३ या तटबंद शहरावर चाल करून येतात. त्यांच्याशी लढायला ‘इव्हा’ नावाचे महाकाय देह तयार केलेले आहेत आणि ते चालवू शकतात फक्त चौदा वर्षांची काही मुले. त्यांतला शिंजी इकारी हा वडिलांनी अनेक वर्षांनी बोलावले म्हणून येतो, आणि त्यांना आपली नव्हे तर आपल्या उपयोगाची आठवण झाली होती, हे त्याला पहिल्याच भागात कळते. पुढचे सगळे या एका दुखण्यातून वाढते. यंत्रमानवांच्या लढाईची मालिका म्हणून बसलेल्या प्रेक्षकाला हळूहळू कळत जाते की समोर एका मुलाचे मन उसवत चालले आहे.

जपानीत अशा कथेच्या बारकाव्यांची उकल करण्याला ‘कोसात्सु’ म्हणतात, आणि दुसऱ्याने लावलेला अर्थ आपल्या मनातल्या पात्राशी जुळला नाही की ‘काइशाकु-चिगाइ’, म्हणजे अर्थाचा मेळ नाही, असे म्हणून बाजूला होतात. उकल करण्याची हौस मालिकेच्या आधीपासूनची आहे. ‘साझाए-सान’ या घरगुती चित्रकथेतल्या कुटुंबाची कोडी सोडवणारे ‘इसोनो-के नो नाझो’ हे पुस्तक १९९२ मध्ये निघाले, धडाक्याने खपले आणि ‘नाझो-बोन’ म्हणजे कोड्यांच्या पुस्तकांची लाट आली. इव्हँगेलियन त्या लाटेला आयतीच सापडली. पडद्यावर अर्धा सेकंद दिसणारी कागदपत्रे, मध्येच घुसणारी ठळक अक्षरे, नाव सांगून न उलगडलेल्या योजना असे सारे उकल करणाऱ्यांसाठीच मांडून ठेवल्यासारखे होते.

पहिला मोठा भडका उडाला तो शेवटावरून. २५व्या आणि २६व्या भागांत बाहेरची लढाई गायबच होते. अंधारात एक घडीची खुर्ची, तिच्यावर प्रकाशझोत आणि खुर्चीत बसलेला शिंजी. त्याला प्रश्न विचारले जातात, तो उत्तरे देतो, उत्तरांवर पुन्हा प्रश्न. चित्रे विरत जाऊन पेन्सिलची रेखाटने उरतात, छायाचित्रे येतात, पटकथेची पाने दिसतात. मध्येच शाळकरी विनोदी मालिकेसारखे एक पर्यायी जग उभे राहते. त्यात तीच मुले हसतखेळत शाळेला निघालेली. शेवटी सारी पात्रे शिंजीभोवती कोंडाळे करून टाळ्या वाजवतात आणि एकेक जण ‘ओमेदेतो’ (अभिनंदन) म्हणतो. मालिका संपली.

सहा महिने उकल करत बसलेल्यांना हा विश्वासघात वाटला. पैसे संपले म्हणून चित्रेच काढली नाहीत, हे स्पष्टीकरण सर्वांत आधी पसरले. निर्मितीचे वेळापत्रक कोलमडले होते, हे खरेच आहे. पण अडचणीत सापडलेल्या माणसाने वाट कुठली निवडली, हा प्रश्न त्याने सुटत नाही. दुसऱ्या गोटाचे म्हणणे असे की कथा पहिल्यापासून शिंजीच्या मनाचीच होती आणि ती तिथेच पुरी झाली. या गोटाचा आवडता पुरावा म्हणजे २६व्या भागाचे शीर्षक. ते हार्लन एलिसन यांच्या एका इंग्रजी विज्ञानकथेच्या नावावरून घेतले आहे: जगाच्या मध्यभागी प्रेमाची आरोळी ठोकणारा पशू. मात्र जपानी शीर्षकात प्रेम या अर्थाचा ‘आइ’ हा शब्द नेहमीच्या चित्रलिपीत लिहिलेला नाही. परक्या शब्दांसाठीच्या काताकाना लिपीत लिहिला आहे. तसा लिहिला की तो इंग्रजी ‘आय’ही होतो, म्हणजे ‘मी’. तेव्हा तो पशू प्रेमाची आरोळी ठोकतोय की ‘मी, मी’ म्हणून ओरडतोय? चित्रलिपीतले एक अक्षर टाळले, एवढ्यावर हा अर्थ उभा आहे आणि तो भक्कम आहे. कोसात्सु इथे नुसता चाळा उरत नाही.

गायनॅक्सकडे कौतुकाची पत्रे आली तशा शिव्या आल्या, धमक्याही आल्या. १९ जुलै १९९७ रोजी ‘द एंड ऑफ इव्हँगेलियन’ हा चित्रपट आला. त्याने शेवटचे दोन भाग बाहेरून, रक्तामांसासकट पुन्हा सांगितले. मात्र ही माघार नव्हती. चित्रपटात मध्येच ॲनिमेशन थांबते आणि चित्रगृहात बसलेल्या खऱ्या प्रेक्षकांची दृश्ये दिसतात. चाहत्यांनी पाठवलेले संदेश डोळ्यांसमोरून झरझर निघून जातात. रागावलेला प्रेक्षक तिकीट काढून आत आला आणि त्याला पडद्यावर आपणच दिसलो. हा टोमणा होता की मिठी, यावर आजही एकमत नाही.

तिसरा शेवट जवळजवळ पाव शतकाने आला. २००७, २००९, २०१२ आणि २०२१ अशा चार चित्रपटांत आन्नोंनी कथा नव्याने मांडली. पहिल्याच चित्रपटात समुद्र लाल दिसला, तेव्हा चाहत्यांचे कान टवकारले. कारण लाल समुद्र हे १९९७च्या शेवटाचे चित्र. त्यात काओरु नावाच्या मुलाच्या तोंडी ‘पुन्हा तिसराच’ अशा आशयाचे वाक्य आले. मग हे पुनर्कथन नसून त्याच जगाची पुढची फेरी आहे, असा ‘फेऱ्यांचा सिद्धान्त’ उभा राहिला. शेवटच्या चित्रपटाच्या जपानी नावापुढे तर संगीतलेखनातली पुनरावृत्तीची खूणच छापलेली होती, आणि खुद्द चित्रपटात काओरुच्या बोलण्याने या सिद्धान्ताला बरेचसे बळ दिले. चौदा वर्षे आधी केलेला तर्क खरा ठरण्याचा आनंद फार थोड्या चाहत्यांच्या वाट्याला येतो. हा चित्रपट संपतो आन्नोंच्या गावी, उबे शहरातल्या एका खऱ्या रेल्वे स्थानकावर. योशियुकी सादामोतो यांची चित्रकथा मालिकेच्या आधी सुरू होऊन २०१३ मध्ये संपली, तिचा शेवट आणखी वेगळा. पण त्यावरून फारसे कोणी भांडले नाही.

पात्रांचे वाचन ही निराळी गोष्ट आहे. रेई आयानामी ही अबोल, फिकट, निळसर केसांची मुलगी आपण बदलता येण्याजोगी वस्तू आहोत असे मानते. मालिकेचा तिच्याविषयीचा सारा आग्रह ती वस्तू नाही, हे दाखवण्याचा आहे. बाजाराने मात्र तिच्या बाहुल्या केल्या. विचारवंत हिरोकी आझुमा यांनी २००१च्या आपल्या पुस्तकात यावरूनच मांडणी केली: आधीच्या पिढीचे चाहते कथेमागचे जग आणि त्याचा इतिहास जुळवत बसत, इव्हँगेलियनच्या चाहत्यांचा ओढा आरंभापासून पात्रांकडे आणि त्यांच्या सुट्या सुट्या लकबींकडे होता. २६व्या भागातले शाळकरी जग पाहता मालिकेने स्वतःची चाहताकथा स्वतःच लिहून ठेवली होती, हेही त्यांनी दाखवले. आझुमांचे निरीक्षण अचूक आहे, पण त्यांच्या चौकटीत न बसणारा चाहताही असतो. तो इव्हा चालवणाऱ्या आसुका या मुलीच्या संतापामागे तिची आई शोधतो आणि शिंजीच्या ‘पळून जाता कामा नये’ या जपात आपले नोकरीतले पहिले वर्ष. मालिकेआधीची चार वर्षे आपण काहीही करू न शकलेला, मोडलेला माणूस होतो, असे आन्नोंनीच लिहिले आहे. त्यामुळे शिंजीत आन्नोंना पाहण्याचा मोह कोणालाच आवरला नाही.

ख्रिस्ती चिन्हांच्या बाबतीत उकल करणाऱ्यांची थोडी फजिती झाली. आकाशात उसळणारे क्रूस, आदाम आणि लिलिथ ही नावे, कब्बालाचा वृक्ष यांवर मोठमोठी विवेचने झाली. मग सहदिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी २००१ मध्ये अमेरिकेत चाहत्यांसमोर सांगून टाकले की यंत्रमानवांच्या इतर मालिकांहून वेगळे आणि दिसायला भारी वाटावे म्हणून ती चिन्हे घेतली. मालिका पाश्चात्त्य देशांत जाईल याची कल्पना असती तर फेरविचार केला असता. विवेचने त्यानंतरही थांबली नाहीत, आणि थांबायचे काही कारणही नव्हते. मंगळसूत्र केवळ शोभेसाठी रंगवले, असे चित्रकाराने सांगितले म्हणून पाहणाऱ्याला दिसणारी बाई बिनलग्नाची होत नाही.

सर्वांत कडवी भांडणे भाषांतराची. ‘शितो’ हा शब्दच घ्या. जपानी बायबलात तो येशूच्या बारा शिष्यांसाठी येतो. देवदूताला ‘तेन्शी’ म्हणतात. पण मालिकेच्या पडद्यावर निर्मात्यांनीच इंग्रजीत ‘एंजल’ लिहिले. मराठी बायबलात शितोसाठी तयार शब्द आहे, ‘प्रेषित’. तो वापरावा तर मराठी वाचकाला आधी प्रेषित मुहंमद आठवतील, आणि शहरावर चालून येणाऱ्या राक्षसाला ते नाव द्यायला कुठलाही शहाणा भाषांतरकार धजावणार नाही. देवदूत म्हणणेच बरे. दुसरे उदाहरण मानवजातीला एकजीव करण्याच्या योजनेचे. कॉर्डवेनर स्मिथ यांच्या विज्ञानकथांतल्या ‘इन्स्ट्रुमेंटॅलिटी’ला जपानी भाषांतरात ‘होकान’, म्हणजे उणीव भरून काढणे, असा शब्द योजला होता. मालिकेने तो उचलला आणि परत इंग्रजीत जाताना तो पुन्हा ‘इन्स्ट्रुमेंटॅलिटी’ झाला. इंग्रजी प्रेक्षकाला त्यात साधन दिसते, जपानी प्रेक्षकाला अपुरेपण.

एडीव्ही फिल्म्सने १९९६ पासून मालिका इंग्रजीत आणली. २१ जून २०१९ला नेटफ्लिक्सवर ती डॅन कानेमित्सु यांच्या नव्या भाषांतरासह आली आणि जुने चाहते खवळले. एका मुलासाठीही जपानीत ‘चिल्ड्रन’ हाच शब्द वापरला आहे, तो जुन्या भाषांतराने ‘चाइल्ड’ करून सुधारला होता. नव्याने तो तसाच ठेवला. भागाअखेरचे ‘फ्लाय मी टू द मून’ हे गाणे जपानबाहेर गळाले. पण खरे रण माजले ते २४व्या भागावरून. काओरु या एकाच भागापुरता येतो. शिंजीशी कोणीही बोलले नव्हते इतक्या मायेने तो बोलतो, आणि भाग संपायच्या आत शिंजीच्याच हातून मरतो. (चित्रकथेतला काओरु मांजराच्या पिल्लाचा गळा आवळतो; ते पात्र आवडलेल्या कोणालाही ही काइशाकु-चिगाइ सहन झालेली नाही.) स्नानगृहात तो शिंजीला म्हणतो, तू ‘कोइ’च्या, म्हणजे आपुलकीच्या, योग्यतेचा आहेस. शिंजीला कळत नाही. काओरु खुलासा करतो: ‘सुकी’ असा त्याचा अर्थ. जुन्या इंग्रजीत इथे ‘लव्ह’ होते, नव्या भाषांतराने ‘लाइक’ केले. दोन मुलांमधले प्रेम पुसून टाकले, असा आरोप झाला. मुळात जे मोघम आहे ते मोघमच ठेवावे आणि निवाडा प्रेक्षकावर सोडावा, ही कानेमित्सु यांची भूमिका. तत्त्व म्हणून ती निर्दोष आहे. पण इंग्रजीत ‘लाइक’ मोघम नाही, तो ‘लव्ह’ला नकार ठरतो.

पुण्यात जपानी शिकणाऱ्या कोणत्याही मुलीला हा घोटाळा चटकन कळेल. ‘सुकी’चे वाक्य तिला मराठीवरूनच समजते: आवडणारी वस्तू कर्ता, ज्याला ती आवडते तो ‘मला’. आणि ‘आवडणे’ भाजीपासून नवऱ्यापर्यंत सगळीकडे चालते. ‘तू मला आवडतोस’ ऐकल्यावर घरातले लोक एकमेकांकडे बघतात ते उगाच नाही. इथे मराठीला इंग्रजीची कोंडी सोसावी लागत नाही. पण दुसरी सोसावी लागते. काओरुच्या वाक्यात कोणाला, कोण, हे काहीच नाही, नुसते ‘सुकी’. मराठीत ‘आवडतोस’ म्हणताच समोरचा मुलगा आहे, हे क्रियापद बोलून दाखवते.

१९९७च्या चित्रपटाच्या अखेरीस लाल समुद्राकाठी फक्त शिंजी आणि आसुका उरलेले असतात. तो तिचा गळा दाबतो, ती त्याच्या गालावरून हात फिरवते, तो रडू लागतो आणि ती म्हणते, ‘किमोची वारुइ’. पडदा काळा. आसुकाला आवाज देणाऱ्या युको मियामुरा यांनी पुढे सांगितले की पटकथेत वेगळे वाक्य होते, ते काही केल्या जमेना. तेव्हा आन्नोंनी त्यांना विचारले की मध्यरात्री एक परका पुरुष खोलीत शिरून तुझ्याकडे बघत होता असे कळले तर तुझ्या तोंडून काय निघेल. जे निघाले ते ठेवले. ‘किमोची’ म्हणजे मनाची वा शरीराची भावना, ‘वारुइ’ म्हणजे वाईट. इंग्रजीत ‘डिसगस्टिंग’ झाले आणि सारा तिटकारा शिंजीवर येऊन पडला. काहींनी ती मळमळ मानली, काहींनी तर तिला दिवस गेले असा तर्क केला. मराठीत ‘कसंतरीच होतंय’ आहे. ते पोटात ढवळल्यावरही म्हणतात आणि बसमध्ये कोणी खेटून उभा राहिल्यावरही. त्याच्या आधी ‘शी’ लावायचे की नाही, एवढेच आवाज देणाऱ्या बाईला माइकसमोर ठरवावे लागेल.