इतिहासाचा आड आणि शाळेचा पोहरा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचे एक जुने विद्यार्थी आम्हांस भेटावयास आले होते. ते एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवितात. सुट्टी संपताच त्यांस शिवराज्याभिषेकाचा पाठ घ्यावयाचा होता, व त्यासाठी काय वाचावे असे त्यांनी विचारले. विषय आमच्या आवडीचा. आम्ही मोठ्या उत्साहाने दहाबारा ग्रंथांची नावे सांगितली. त्यांनी ती मुकाट्याने टिपून घेतली, आणि निघताना उंबऱ्यापाशी थांबून अगदी नम्रपणे म्हणाले, "सर, हे सारे वाचावयास मला उन्हाळ्याची सुट्टी लागेल. सोमवारी वर्गात हाती काय घेऊन जाऊ?"

ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. तीस वर्षे इतिहास शिकविण्यात घालविलेल्या माणसास एका तासापुरती शिदोरी बांधून देता येऊ नये, ह्याची आम्हांस लाज वाटली. आणि त्या लाजेतूनच पुढील विचार सुचले आहेत.

माध्यमिक शिक्षकाचा दिवस कसा जातो, हे ज्यांच्या घरी शिक्षक आहे त्यांस सांगावयास नको. पस्तीस-चाळीस मिनिटांची एक तासिका, समोर पन्नास-साठ मुले, आणि अशा पाचसहा तासिका ओळीने. इतिहासाच्या शिक्षकाकडे भूगोल किंवा भाषाही बहुधा असतेच. त्यातून उरलेला वेळ वह्या, परीक्षा, तक्ते आणि माहितीचे कागद भरण्यात जातो. निवडणूक आली की तेही काम येते. अशा माणसाच्या हाती वर्गात जाताना दोनच वस्तू असतात: नेमलेले पाठ्यपुस्तक आणि बाजारातले मार्गदर्शक. हल्ली तिसरी वस्तू मुलांच्याच हाती आली आहे. घरच्या भ्रमणध्वनीवर आलेली कोणती तरी ऐतिहासिक हकीकत, तिला ना कर्ता ना काळ, मुलगा वर्गात घेऊन येतो आणि विचारतो, "सर, हे खरे आहे का?" शिक्षक म्हणतो, "पुस्तकात तसे नाही." म्हणजे एका अधिकारवाणीस दुसऱ्या अधिकारवाणीने उत्तर दिले, इतकेच झाले. अशा झगड्यात ज्याचा आवाज मोठा त्याची सरशी होते. ही गोष्ट कशावरून म्हणता, असे विचारण्याची सवय मुलांस शाळेत लागली नाही, तर ती पुढे कोठे लागणार? आणि ज्या समाजास ती सवय नाही, त्याला त्याच्याच पूर्वजांच्या नावाने कोणीही फसवू शकतो. इतिहासाच्या तासिकेचे महत्त्व गुणांच्या हिशेबात थोडे दिसत असले, तरी तीत पणास लागलेली वस्तू अशी मोठी आहे.

आश्चर्य हे की, महाराष्ट्रात इतिहाससंशोधनाचा जो पाया घातला गेला, तो घालणाऱ्यांत शाळामास्तर पुष्कळ होते. 1878 साली 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक निघाले. त्याचे एक चालक काशिनाथ नारायण साने हे शिक्षणखात्यातील शिक्षक. गावोगावच्या घरांतून पडलेल्या बखरी व पत्रे मिळवावयाची, मोडीतून बालबोधीत उतरावयाची, टिपा द्यावयाच्या आणि महिन्याच्या महिन्यास वाचकांच्या हाती पोचवावयाची, हा उद्योग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहाएक वर्षे चालविला. सभासदाची बखर, भाऊसाहेबांची बखर ही नावे आज सुशिक्षितांच्या तोंडी आहेत, त्याचे श्रेय पुष्कळ अंशी साने ह्यांचे आहे. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे हे हायस्कुलात संस्कृत शिकवीत. पटवर्धनांच्या दप्तरांतील कागद निवडून त्यांनी 1897 पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि शाळेची नोकरी सांभाळून त्याचे बारा खंड काढले. कागद एकट्याच्या पेटीत ठेवावयाचा नाही, तो वाटावयाचा, ही वृत्ती ह्या सर्वांत सारखीच दिसते.

गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांची हकीकत तर आमच्या विषयास अधिकच जवळची आहे. 1889 साली ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत गेले, व पुढे राजपुत्रांस शिकविण्याचे काम त्यांजकडे आले. इतिहास शिकवावयाचा तर मराठीत सोयीचे साधन नाही, म्हणून त्यांनी धड्यांसाठी टिपणे काढण्यास सुरुवात केली. ती टिपणे वाढत गेली, आणि 1898 साली 'मुसलमानी रियासत' व 1902 साली 'मराठी रियासती'चा पहिला भाग बाहेर पडला. राजवाड्यातील चार विद्यार्थ्यांसाठी केलेली तयारी अशा रीतीने साऱ्या महाराष्ट्राच्या उपयोगी आली. शिक्षकाचे टिपण ही क्षुद्र वस्तू आहे असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी रियासतीचे हे मूळ लक्षात ठेवावे.

मग हा ओघ कोठे अडला? 1898 साली राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड निघाला, 1910 साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि संशोधनास स्वतःचे घर मिळाले. हे इष्टच झाले. पुढे विद्यापीठे झाली, प्रबंध झाले. शाळेकरिता 1967 साली पाठ्यपुस्तक मंडळ निघाले व स्वस्त, नेटकी पुस्तके खेड्यापाड्यांत पोचली. हेही लहान काम नव्हे. परंतु पाठ्यपुस्तक स्वभावतःच निर्णय सांगते. तो निर्णय ज्या कागदांवरून झाला ते कागद दाखविण्यास त्यात जागा नसते. मंडळाच्या कपाटापासून शाळेच्या फळ्यापर्यंतची वाट बांधणे हे कोणाचेच काम ठरले नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपली म्हण आहे. येथे प्रकार उलटा आहे. आड तुडुंब भरलेला आहे. पोहराच कोणी केला नाही.

ह्या बाबतीत इतर देशांनी काय केले, हे पाहणे उपयोगाचे आहे. अमेरिकेत मेरी शेल्डन बार्न्स ह्या बाईंनी 1885 साली सामान्य इतिहासाचे असे शालेय पुस्तक काढले की, त्यात निवेदन थोडे आणि मूळ उतारे व प्रश्न पुष्कळ. इंग्लंडात 1906 साली हिस्टॉरिकल असोसिएशन ही संस्था निघाली. तीत विद्यापीठातले पंडित व शाळांतले शिक्षक एकत्र बसले, आणि शिक्षकांच्या उपयोगासाठी लहान लहान पत्रके निघू लागली. ऑक्सफर्डचे कीटिंज ह्यांनी 1910 साली आपल्या पुस्तकात मूळ कागद वर्गात कसा वापरावा ह्याचे विवेचन केले. आमच्या काळात स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनी तयार केलेले पाठ कोणाही शिक्षकास विनामूल्य मिळतात. त्या पाठांची घडण साधी आहे: एक प्रश्न, त्यावर परस्परांशी न जुळणारे दोनतीन कागद, आणि थोडी पार्श्वभूमी. कागद मुलांस झेपावा म्हणून तो कापलेला व सोपा केलेला असतो. पण तसे केले आहे हे लपविलेले नसते. ह्या सर्व प्रयत्नांतून एकच धडा मिळतो. शिक्षकास ग्रंथ नको आहे असे नाही, परंतु सोमवारी त्यास पान पाहिजे असते.

म्हणून आम्ही एक पान तयार करावयाचे ठरविले. राज्याभिषेक 6 जून 1674 रोजी रायगडावर झाला. त्यास खर्च किती आला? कृष्णाजी अनंत सभासद ह्याने आपल्या बखरीत एक क्रोड बेचाळीस लक्ष होनांचा आकडा दिला आहे. वेंगुर्ल्याच्या डच वखारीतील आब्राहाम ल फेबर हा ऑक्टोबर 1674 मधील पत्रात दीड लाख पॅगोडा सांगतो. पॅगोडा हे यूरोपीय व्यापाऱ्यांनी होनासच दिलेले नाव. म्हणजे एकाच समारंभाच्या खर्चाचे हे दोन आकडे, आणि त्यांत सुमारे पंचाण्णव पटींचे अंतर! पानाच्या डाव्या बाजूस आम्ही सभासदाचे सांगणे सोप्या शब्दांत दिले, उजव्या बाजूस डच पत्राचे. खाली लिहिले की, सभासदाची बखर सुमारे 1697 साली, जिंजीस, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. डच पत्र त्याच वर्षीचे आहे. मग तीन प्रश्न घातले: कोणाचा आकडा अधिक विश्वसनीय वाटतो? का? आणखी कोणता कागद मिळाला असता तर बरे झाले असते? हे पान तयार करण्यास आमचे दोन दिवस गेले. ज्यास रोज पाचसहा तासिका घ्याव्या लागतात, त्याने हे दोन दिवस कोठून आणावे?

पान पाठविले. पंधरा दिवसांनी आमच्या विद्यार्थिमित्रांचे पत्र आले. वर्ग रंगला होता. बहुतेक मुलांनी डच पत्राची बाजू घेतली; त्याच वर्षीचा कागद तो खरा, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस हेच उत्तर अपेक्षित होते, आणि वाचून समाधानही वाटले. परंतु पत्राच्या शेवटी एक ओळ होती. मागच्या बाकावरील एका मुलीने उठून विचारले होते, "सर, पण तो डच माणूस रायगडावर होता का?"

आम्ही पान पुन्हा काढून पाहिले. पत्र वेंगुर्ल्याहून लिहिलेले आहे, समारंभानंतर चार महिन्यांनी लिहिलेले आहे, आणि त्यातला आकडा बहुधा लोकांच्या तोंडी फिरणारा आहे, ह्यांपैकी एकही गोष्ट आम्ही पानावर नोंदली नव्हती. सभासदाच्या लेखनाचे स्थळ, काळ व निमित्त आम्ही काटेकोरपणे दिले. डचाचे मात्र केवळ वर्ष देऊन सोडून दिले. जवळचा काळ म्हणजे खरा साक्षीदार, असा आमच्याच मनात दडलेला समज आम्ही नकळत पानात उतरविला होता. बखरकाराची उलटतपासणी आम्ही केली आणि परक्या व्यापाऱ्यास तसेच जाऊ दिले. तीस वर्षांच्या अध्यापनात जे आमच्या ध्यानी आले नाही, ते त्या मुलीने अर्ध्या तासात दाखवून दिले. दुरुस्त केलेले पान आता आणखी काही शिक्षकांकडे गेले आहे. त्यात चौथा प्रश्न त्या मुलीचा आहे.

ह्या अनुभवावरून वाटण्याच्या साधनाविषयी आमची काही मते बनली आहेत. पान एकच असावे. दोन झाली की तासिका संपते. कागद कोठला, कोणाचा, केव्हाचा, आणि तो सोपा करताना काय गाळले, हे त्यावर असलेच पाहिजे; त्यावाचून आपले पान आणि भ्रमणध्वनीवरील निनावी हकीकत ह्यांत फरक उरत नाही. प्रश्न द्यावेत, उत्तरे देऊ नयेत. दुसऱ्याचे पान घेतले तर त्याचे नाव पुसू नये. आणि पानाच्या पाठीवर कोरी जागा ठेवावी. वर्गात काय घडले, मुले कोठे अडली, कोणता शब्द कळला नाही, हे शिक्षकाने तेथे लिहून पान परत करावे. जे पान केवळ जाते आणि परत येत नाही, ते लवकरच दुसरे मार्गदर्शक होऊन बसते.

आयत्या साधनांनी शिक्षक आळशी होईल, असा आक्षेप कोणी घेतील. आयत्या उत्तरांनी तो होईल, हे आम्हांसही मान्य आहे. पण सुताराने झाडही स्वतःच तोडून आणावे असे कोणी म्हणत नाही. फळी मिळाली म्हणजे त्याची कारागिरी कमी होत नाही. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. थोर पुरुषांविषयीच्या कागदांची अशी चिकित्सा वर्गात केल्याने आदर कमी होईल, असे काहींस वाटते. आमच्या पानाने तसे झाले नाही. खर्चाचा वाद घालता घालता मुलांनी विचारले की, इतका मोठा समारंभ करणे महाराजांस का आवश्यक वाटले असेल? आदर असलेल्या मनासच असा प्रश्न पडतो.

साने, खरे, सरदेसाई ह्यांच्या काळी छापखाना दूर होता आणि टपाल महाग होते, तरी त्यांनी कागद वाटले. आज प्रत काढावयास रुपया-दोन रुपये पुरतात आणि पान क्षणात शंभर गावी जाते. एका जिल्ह्यातील वीस शिक्षकांनी वर्षाकाठी एकेक पान केले, तर प्रत्येकाच्या हाती वीस पाने येतील. आणि महाविद्यालयातील आमच्यासारख्यांनी मोडी कागद वाचून देण्याचे व चुका पाहण्याचे काम पत्करावे. त्या चुकांत आमच्याही चुका असतील. त्या दाखविणारी मुलगी कोणत्या ना कोणत्या गावी मागच्या बाकावर बसलेली आहेच. तिच्यासमोर पान तेवढे गेले पाहिजे.